आकडा सांग, विद्याधर

“नजर ठेव म्हणजे काही चोरून बघायचं नाही,” कॅप्टन नाटू कॉफीचा कागदी पेला हातात फिरवत म्हणाले. “शेजारी बसणारच आहेस. ते कुठे अडखळतात, कशाला घाबरतात, एवढं लक्षात ठेव. मुंबईला परत आलीस की मला येऊन सांग.”

दिल्ली विमानतळावर वैमानिकांच्या खोलीत आम्ही उभे होतो. नाटू आमच्या विमान कंपनीतल्या सगळ्या वैमानिकांचे प्रमुख होते. दोन-तीन महिन्यांनी एखादं उड्डाण स्वतः करत, तसे त्या दिवशी ते दिल्लीहून पुण्याला निघाले होते. त्यांच्या थोडंच आधी आमचंही विमान पुण्यालाच जाणार होतं. मी सहवैमानिक होते, कंपनीत येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. माझे कॅप्टन होते श्रीरंग सर्पोतदार, आणि नाटू बोलत होते ते त्यांच्याबद्दल.

“मला नाही जमायचं, सर,” मी म्हणाले. माझं मलाच नवल वाटलं. “ज्यांच्याबरोबर उडायचं त्यांच्याबद्दल पाठीमागे बोलायचं, हे नको.”

नाटू हसले. माणूस गोड होता, त्यांच्या रागालाही एक सभ्यपणा असे. “विचार कर,” एवढंच म्हणाले आणि वळले. मीही वळले, तर दारात सर्पोतदार उभे. त्यांनी किती ऐकलं होतं कोण जाणे. त्यांनी नाटूंकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि टेबलावर पसरलेल्या हवामानाच्या कागदांवर वाकले.

त्या दोघांचं वैर कंपनीत सगळ्यांना ठाऊक होतं. दोघं एकाच वर्षी कंपनीत लागलेले, एकेकाळी शेजारी राहणारे. प्रमुखपदासाठी दोघांची नावं होती आणि ते नाटूंना मिळालं. नाटूंनी आल्याआल्या जादा इंधन घेण्याच्या सवयीवर बोट ठेवलं. जास्तीचं इंधन म्हणजे जास्तीचं वजन, आणि ते वजन वाहून न्यायला पुन्हा इंधन जळतं. नियमानं जेवढं लागतं तेवढंच घ्या, असं ते प्रत्येक बैठकीत सांगत. सर्पोतदार मात्र दर वेळी काही ना काही वाढवून घेत. कारण विचारलं तर “मला हवंय” एवढंच उत्तर. लोक म्हणायचे, म्हाताऱ्याची हिंमत खचलीय. कोणी म्हणायचे, पद गेलं त्याचा राग काढतोय.

त्या दिवशी इंधनाच्या कागदावर सही करताना सर्पोतदारांनी अर्ध्या तासाचं जास्तीचं लिहिलं. फेब्रुवारीतली दुपार, पुण्याला आभाळ स्वच्छ. पलीकडच्या टेबलावरून नाटूंनी मान वर केली.

“श्रीरंग, कशाला रे? पुण्याला काय चक्रीवादळ आहे?”

“नाही.”

“मग?”

“मला हवंय.”

नाटूंनी माझ्याकडे एक नजर टाकली, पाहिलंस ना, अशी. त्यांच्या शेजारी त्यांचा सहवैमानिक अद्वैत कानविंदे बसला होता. माझ्या आधी दोन वर्षं लागलेला, हुशार, कमी बोलणारा, नाटूंनी स्वतः निवडून तयार केलेला. तो कागदांतून वर पाहायला तयार नव्हता.

विमान वर जाऊन स्थिरावेपर्यंत सर्पोतदार कामापुरतंच बोलले. मग समोर पाहतच त्यांनी विचारलं, “नाटू काय म्हणाला?”

“तुमच्यावर नजर ठेव म्हणाले.”

“आणि तू?”

“नाही म्हणाले मी.”

“हं,” ते म्हणाले. त्या हुंकारात विश्वासाचा लवलेश नव्हता. पुढचा तासभर मी काही लिहायला पेन उचललं तरी त्यांची नजर माझ्या हाताकडे जाई. मला चीड आली. आणि चिडून मी खरंच त्यांच्याकडे बघायला लागले. इंधनाच्या आकड्यांवर त्यांचं बोट पुन्हा पुन्हा जात होतं. डाव्या पंखातलं, उजव्या पंखातलं, एकूण. पुन्हा डाव्यातलं. हा माणूस खरंच घाबरलेला आहे का, असा प्रश्न मला पडला, आणि तो मनातून जाईना.

पुणं जवळ आलं तेव्हा नियंत्रण कक्षानं सांगितलं की धावपट्टी बंद आहे. एका छोट्या खाजगी विमानाची चाकं उतरताना फुटली होती आणि ते मधोमध बसलं होतं. ओढून न्यायचं काम चालू आहे, थोडा वेळ लागेल, तोवर वरच घिरट्या घाला.

आम्ही घिरट्या घालायला लागलो. खाली डोंगर, एक लांबट तलाव, उसाचे हिरवे तुकडे. एक फेरी झाली, दुसरी झाली.

“आपण मुंबईला जाऊ,” सर्पोतदार म्हणाले.

“सर, थोडाच वेळ म्हणतायत ते. आणि आपल्याकडे तर जास्तीचं आहे.”

“थोडाच वेळ म्हणजे किती, ते सांगितलं का त्यांनी?”

“नाही.”

“मग चल.”

मी मुंबईची परवानगी मागितली. तेवढ्यात दुसऱ्या रेडिओवर नाटूंचा आवाज आला. त्या रेडिओवर आमच्या कंपनीची माणसं आपापसात बोलत. त्यांचं विमान आमच्या मागोमाग पुण्यावर येऊन पोचलं होतं.

“श्रीरंग, निघालास लगेच? एवढं सामान बांधून आणलंस आणि बसायला तयार नाहीस?”

सर्पोतदारांनी विमान मुंबईकडे वळवलं. मला मनातून नाटूंचं म्हणणं पटत होतं. अर्ध्या तासाचं जास्तीचं ओझं वाहून आणायचं आणि ते वापरायची वेळ आली की पळून जायचं, हे कसलं शहाणपण? मुंबईला उतरायचं, प्रवाशांच्या शिव्या खायच्या, पुन्हा पुण्याला यायचं. माझा चेहरा बोलला असावा.

“तुला वाटतंय मी घाबरलोय,” ते म्हणाले.

“नाही, सर.”

“लिहून दे त्याला. मला चालेल.”

मुंबई जवळ आली तेव्हा पाहिलं तर तिथे आमच्याआधी अर्धं आकाश भरलेलं. पुण्याहून वळवलेली विमानं आणि मुंबईची नेहमीची, सगळी एका धावपट्टीसाठी रांगेत. आम्हाला समुद्रकिनाऱ्याच्या बाजूला वर घिरट्या घालायला सांगितलं. खाडीचं गढूळ पाणी खालून सरकत होतं. जास्तीच्या इंधनाचा आकडा उतरत चालला होता आणि आता त्याच्याकडे माझंही बोट जायला लागलं होतं.

सर्पोतदारांचं लक्ष मात्र दुसरीकडे होतं. ते प्रत्येक आवाज कान देऊन ऐकत होते. बऱ्याच वेळानं त्यांना हवा तो आवाज आला. नाटूंच्या विमानानं मुंबईला पोचल्याची वर्दी दिली. त्यांना आमच्या मागचा क्रमांक मिळाला, आमच्यापेक्षा थोडं वर.

“एवढा वेळ तो पुण्यावरच थांबला होता,” सर्पोतदार म्हणाले. मांडीवरच्या कागदावर त्यांनी काहीतरी आकडेमोड केली, खोडली, परत केली. “आपलंच विमान, तोच मार्ग. जास्तीचं त्यानं काही घेतलेलं नाही. मग आता त्याच्याकडे काय असेल?”

मला त्यांच्या आवाजात समाधान ऐकू येत होतं, निदान तसं वाटत होतं. गेली दोन वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली तो आला, असं काहीतरी.

त्यांनी कंपनीच्या रेडिओचं बटण दाबलं. “विद्याधर, किती आहे?”

“पुरेसं आहे,” नाटूंचा आवाज आला. नेहमीचा, गोड.

“आकडा सांग.”

शांतता.

“आकडा सांग, विद्याधर.”

“श्रीरंग, तुझं तू बघ.”

सर्पोतदार मागे टेकले. मग त्यांनी मला सांगितलं, “नियंत्रण कक्षाला विचार, आपला क्रमांक मागच्या विमानाला देता येईल का.”

मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. “सर, आपलंच आता बेताचं आहे. एखादी फेरी वाढली तर…”

“एका फेरीचं आहे. मोजलंय मी. विचार.”

मी विचारलं. नियंत्रक बाई गोंधळल्या असाव्यात. अशी मागणी त्यांनी कधी ऐकली नसेल. त्यांनी सरळ नाटूंच्या विमानाला विचारलं की तुम्हाला इंधनाची अडचण आहे का?

“नाही,” नाटू म्हणाले. “काही अडचण नाही.”

“मग सगळ्यांनी आपापल्या क्रमांकावर राहा,” बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात माझ्यासाठी थोडी जरब होती.

माझे कान गरम झाले. मला वाटलं, यांनी मला वापरलं. सगळ्या विमानांतल्या वैमानिकांना ऐकू जाईल असा प्रश्न नाटूंना विचारायला लावायचा होता, ते माझ्या तोंडून करून घेतलं. प्रमुखांकडे इंधन कमी आहे, हा संशय आता मुंबईच्या आकाशातल्या प्रत्येक कानात जाऊन बसला होता. सूड घ्यायचा तर याहून सफाईनं घेता आला नसता.

“सर, ते नाही म्हणाले,” मी म्हणाले. “आपण कशाला…”

“खोटं बोलतोय तो.”

“कशावरून?”

“गार्गी, तुला कोणी विचारलं, किती आहे, तर तू काय सांगशील?”

“आकडा सांगेन.”

“मग?”

तरीही संशय गेला नाही. आकडा न सांगण्यामागे नुसता अहंकारही असू शकत होता. ज्याच्याशी वैर त्याला का म्हणून हिशोब द्यावा?

आमच्या पुढची दोन विमानं उतरली. मग नियंत्रक बाईंनी नाटूंना सांगितलं की अजून दोन फेऱ्या माराव्या लागतील. मी सर्पोतदारांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा दगडासारखा झाला होता.

“समजलं,” रेडिओवर नाटू म्हणाले. पण त्याआधी एक फट पडली होती, श्वासाएवढी. ती मलाही ऐकू आली.

सर्पोतदारांनी बटण दाबलं. या वेळी कंपनीच्या रेडिओचं नव्हे, सगळे ऐकत असलेल्या मुख्य रेडिओचं. आणि ते मराठीत बोलले. तिथे असं कोणी बोलत नाही. तिथे इंग्रजीच, तीही ठरलेल्या शब्दांत.

“विद्याधर, तुला जमत नसेल तर शेजारच्याला बोलू दे.”

नाव घेऊन, सगळ्यांदेखत. नियंत्रक बाई लगेच कडाडल्या. कोण बोलतंय, रेडिओ मोकळा ठेवा. वीसेक वैमानिक आपापल्या विमानांत गप्प बसून ऐकत असतील. मी मनाशी म्हणत होते, आता हे संपलं, उतरल्यावर यांचा परवाना जाणार आणि माझीही चौकशी होणार.

तेवढ्यात आवाज आला. नाटूंचा नव्हता. कानविंदेचा होता, चिरकलेला.

“मेडे, मेडे, मेडे. फ्युएल.”

त्या शब्दांनंतर नियमानं कोणी काही विचारत नाही. विमान संकटात आहे, उतरेपर्यंत इंधन राखीव पातळीच्या खाली जाणार, हा त्याचा अर्थ. बाईंचा आवाज एका क्षणात बदलला, शांत आणि वेगवान झाला. समोरच्या विमानाला त्यांनी उजवीकडे वळवलं, त्याच्या मागच्याला वर पाठवलं, आम्हाला होतो तिथेच धरलं, आणि नाटूंच्या विमानाला थेट धावपट्टीकडे घेतलं. खिडकीतून ते मला दिसलं. आमच्या खालून, किनारा ओलांडून, पांढरं, सरळ जाणारं.

आमची फेरी चालू होती. सर्पोतदार नाटूंच्या विमानाकडे बघत नव्हते, आकड्यांकडे बघत होते.

“आता आपलं सांग,” ते म्हणाले. “मिनिमम फ्युएल.”

मी अडखळले. याचा अर्थ, अजून संकट नाही, पण आता आणखी थांबवलंत तर येईल. ज्यांची आत्ताआत्तापर्यंत जागा सोडायची तयारी होती त्यांनी लगेच असं म्हणायचं?

“लाजतेस काय? सांग.”

मी सांगितलं. नाटूंचं विमान उतरल्यावर पुढचा क्रमांक आम्हाला मिळाला. उतरलो तेव्हा आमच्याकडे राखीव इंधन होतं आणि त्यावर अगदी थोडं.

दोन्ही विमानं विमानतळाच्या एका टोकाला शेजारीशेजारी उभी केली. प्रवासी आत बसून कुरकुरत होते, पुण्याला कधी जाणार म्हणून हवाई सुंदरीला धारेवर धरत होते. त्यांना काहीच कळलं नव्हतं. आमच्या जमिनीवरच्या इंजिनियरनं येऊन हळूच सांगितलं की शेजारच्या विमानात राखीव इंधन, ज्याला हात लावायचा नसतो, त्यातलं निम्मं संपलं होतं. म्हणजे सांगितलेल्या दोन फेऱ्या त्यांनी मारल्या असत्या तर पुढे काय झालं असतं, ते तो बोलला नाही.

थोड्या वेळानं शिडीवर पावलं वाजली आणि नाटू आमच्या कॉकपिटच्या दारात येऊन उभे राहिले. टोपी हातात, केस घामानं चिकटलेले. त्यांच्या मागे कानविंदे.

“सगळ्यांसमोर नाव घेतलंस माझं,” नाटू म्हणाले.

“घेतलं,” सर्पोतदार म्हणाले. त्यांनी पट्टा सोडला नव्हता.

“मी बोलणारच होतो.”

“केव्हा?”

“बोलणार होतो, श्रीरंग. एक फेरी बघून. तू मध्ये पडलास म्हणून तमाशा झाला. या पोराला विचार हवं तर.” ते मागे वळले. “सांग रे अद्वैत. मी बोलणार होतो की नाही?”

कानविंदे दाराच्या चौकटीला धरून उभा होता. त्याची सगळी नोकरी नाटूंच्या हातात होती. कॅप्टन व्हायची त्याची परीक्षा पुढच्याच महिन्यात होती, आणि ती घेणार होते नाटू. तो माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे. मी त्याला कसलीही खूण केली नाही, करू शकले नाही.

“नाही, सर,” कानविंदे म्हणाला.

“काय?”

“तुम्ही बोलणार नव्हतात. मी दोनदा म्हटलं तुम्हाला. तुम्ही म्हणालात, आत्ता हे बोललो तर उद्या ऑफिसात तोंड कसं दाखवू.” त्याचा आवाज पुन्हा चिरकला. “मग सर्पोतदार सर बोलले, तेव्हा मी बटण दाबलं. तुम्ही माझा हात धरला नाहीत, एवढंच.”

कॉकपिटमध्ये पंख्याची घरघर होती. नाटू काही तरी बोलायला गेले, मग मागच्या लहान आसनावर एकदम बसले. टोपी मांडीवर ठेवली. ते रागावतील असं मला वाटत होतं. पण त्यांनी हळूच विचारलं, “हात धरला नाही मी?”

“नाही, सर.”

“बरं,” नाटू म्हणाले. “असं सांग मग. विचारतील तेव्हा असंच सांग.”

सर्पोतदारांनी पट्टा सोडला, मागे वळले आणि पाण्याची बाटली त्यांच्यापुढे धरली. नाटूंनी ती घेतली. मी खिडकीबाहेर पाहत राहिले, कारण तिथे बघायची दुसरी जागा नव्हती.

पुढे रीतसर चौकशी झाली. नाटूंनी स्वतःहून सगळं सांगितलं आणि प्रमुखपद सोडलं. दोन वर्षं ते साध्या कॅप्टनसारखे उडले, मग निवृत्त झाले. कानविंदेची परीक्षा दुसऱ्यांनी घेतली. तो पास झाला. सर्पोतदारांना मुख्य रेडिओवर मराठी बोलल्याबद्दल ताकीद मिळाली आणि ती त्यांनी मुकाट घेतली. मला विचारलं गेलं की, तुमच्या मते कॅप्टन सर्पोतदार तसं का बोलले? मी म्हणाले, विमान वाचावं म्हणून. ते खरंच होतं. पण सगळं होतं का, याची मला खात्री नव्हती, कारण ते मी त्या संध्याकाळीच त्यांना विचारलं होतं.

त्या दिवशी आम्हाला पुढे उडू दिलं नाही. दुसरे वैमानिक आले आणि आम्ही गाडीत बसून विमानतळावरून निघालो. उन्हं उतरली होती. सर्पोतदार पुढच्या सीटवर होते, मी मागे. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मी धीर केला.

“सर, एक विचारू?”

“विचार.”

“तुम्ही नाव घेऊन बोललात ते… त्यांना सगळ्यांसमोर खाली बघायला लावावं, असं काही होतं का मनात?”

सिग्नल सुटला. गाडी बरीच पुढे गेली.

“थोडं तसंही असेल,” सर्पोतदार म्हणाले.

मग त्यांनी काच खाली केली, तोंड बाहेर फिरवलं आणि वाऱ्यात मला जेमतेम ऐकू येईल असं म्हणाले, “पण तो आकडाच सांगत नव्हता गं.”